हंड्याशेजारचं पिंप

रोझबेरी, टास्मानिया
११ जून १९६२

प्रिय मर्व,

तुझी तार आणि मागाहून आलेलं पत्र, दोन्ही मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. लोकांना वाटतं तशी मी काही कोसळलेली नाही. उठते, जेवते, वाचनालयातून पुस्तकं आणते. फक्त अजून सगळं दोघांपुरतं करते, आणि मग ते उरतं.

आता कामाचं. धुण्याच्या खोलीत कपडे उकळायच्या हंड्याशेजारी पर्सीचं पिंप भरलेलं उभं आहे. त्याने रविवारी नेहमीसारखं हंड्यात माल्ट आणि हॉप्सची कडू फुलं उकळली, पिंपात ओतून निवल्यावर यीस्ट टाकलं, वर पिठाच्या पोत्याचं फडकं बांधलं. गुरुवारी मागच्या पायरीवर बूट काढायला बसला. एक बूट हातात होता. तो उठलाच नाही, हे तुला ठाऊक आहे.

ही बिअर त्याने त्याच्या साठीसाठी केली होती. वीस ऑक्टोबर. "मर्व आला की पहिली बाटली फोडू," असं म्हणत होता. ती त्या दिवशी टेबलावर यायला हवी, एवढंच मला हवं आहे. मी पीत नाही हे खरं. पण त्याच्या हातची शेवटची गोष्ट ती आहे, आणि ती गटारात जाऊ द्यायची नाही.

एडनाला मात्र तेच हवं आहे. नवऱ्याची बहीण म्हणून तिचा हक्क आहे म्हणे. परवा प्रार्थनेहून परस्पर आली ती हातात बादली घेऊनच. "थेल्मा, हे घरात ठेवून पर्सीला काय तोंड दाखवशील?" मी म्हटलं, "पर्सीनेच केलंय गं ते, त्याला काय तोंड दाखवायचं?" तेव्हा बादली घेऊन परत गेली.

पहिले काही दिवस फडक्याखाली सारखं बुडबुड चालायचं. माणूस तोंडातल्या तोंडात बोलतो तसं. आता कान लावला तरी काही नाही. हे खराब झालं का? बाटल्यांत भरायचं का? फेस कसा येतो? त्याने इतकी वर्षं केलं आणि मी इतकी वर्षं त्या खोलीत कपडे धुतले, पण त्याच्याकडे लक्ष देऊन कधी पाहिलं नाही. "बाटल्या भरण्यातलं मर्वला कळतं," असं तो तुम्ही दोघं इथल्या खाणीत बरोबर होतात तेव्हापासून म्हणायचा, म्हणून तुला विचारते. फोनवर बोलता येणार नाही. एक्सचेंजवर मिसेस बिडल बसते, सगळं ऐकते, आणि घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही, म्हणून असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नाहीत हा पर्सीचा नियम होता.

तुझी,
थेल्मा


माउंट आयझा, क्वीन्सलंड
२० जून १९६२

प्रिय थेल्मा,

अगं, पिंप गप्प झालं म्हणजे खराब झालं नाही, तयार झालं! यीस्टचं काम संपलं की बुडबुड थांबते. पर्सी काय करायचा? कान लावायचा. आवाज आला तर परत जाऊन पेपर वाचायचा, नाही आला तर मला हाक मारायचा. तू हाक मारलीस ती बरोबर वेळेला.

आता डोळे मिटून सांगतो ते कर. लांब मानेच्या तपकिरी बाटल्या घराच्या खालच्या मोकळ्या जागेत आहेत. सोड्याच्या गरम पाण्याने धू. आत काडीएवढा मळ राहता कामा नये. रबराची नळी पिंपात सोड, तळाच्या गाळाला लागू देऊ नकोस, दुसरं टोक तोंडाने ओढून बाटलीत धर. (तोंडात घोट येईल. एडनाला सांगू नकोस.) प्रत्येक बाटलीत सपाट चमचाभर साखर. जास्त नाही. गळ्यापाशी चार बोटं जागा सोड. मग पत्र्याचं बूच आणि दांड्याचं यंत्र. दांडा अर्धवट दाबू नकोस, अंग टाक.

बाटलीत राहिलेलं यीस्ट ती साखर खातं, त्यातून वायू होतो, बूच बंद म्हणून तो बिअरमध्ये मुरतो. फेस म्हणजे तोच. तीन आठवड्यांनी एक उघडून बघ.

इथे थंडी म्हणजे सकाळी बनियनवर सदरा घालावा एवढीच. नऊच्या पुढे तोही काढतो. खाणीत तर उकाड्याने जीव जातो. पर्सीला इथे ये म्हणून किती वेळा लिहिलं. म्हणायचा, "पाऊस नसलेल्या गावात माणूस तोंड कुठे धुतो?"

साठीला मी येतोच. त्याला शब्द दिला होता.

तुझा,
मर्व


रोझबेरी
६ जुलै १९६२

प्रिय मर्व,

भरली. एकदाची भरली.

बाटल्या धुवायला बसले तर एडना आली. दारात उभी राहून बघत राहिली. मी पहिलं बूच लावलं, ते वाकडं बसलं. दुसरंही वाकडं. "देवा रे," ती म्हणाली, "तुला साधा दांडा दाबता येत नाही?" मी म्हटलं, "मग तू दाब." "मी? या पापाला हात लावू?" "पापाला नको लावूस, दांड्याला लाव." मर्व, तिने कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि शेवटच्या बाटलीपर्यंत दांडा सोडला नाही. एकही बूच वाकडं नाही. जाताना बजावून गेली की तिने फक्त लोखंडाला हात लावला, आत काय होतं ते तिने पाहिलेलं नाही.

घोट तोंडात आला माझ्या. मला कडू वाटेल असं वाटलं होतं, पण गोडच लागली. पाकात हॉप्स उकळावेत तशी. बिअर अशी लागते का? मला काय कळतंय म्हणा. तू सांगितलंस तशी साखर घातली आणि पुढे गेले.

बाटल्या धुण्याच्या खोलीतच ठेवल्या आहेत, भिंतीशी ओळीने. हिवाळ्यात तिथे इतकं गारठलेलं असतं की सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. हंडा मी पेटवतच नाही. एका बाईचे दोन झगे, ते स्वयंपाकघरात तसराळ्यात धुऊन होतात. तेवढ्यासाठी लाकडं कोण फोडणार?

तीन आठवडे थांबते.

थेल्मा


रोझबेरी
३० जुलै १९६२

प्रिय मर्व,

उघडली. काही झालं नाही.

बूच निघालं तेव्हा आवाजच आला नाही. पर्सी उघडायचा तेव्हा "फस्स" व्हायचं आणि तो म्हणायचा, "ऐकलंस? जागी झाली." आज काहीच नाही. पेल्यात ओतली तर चहासारखी निपचित. फेस नाही, बुडबुडा नाही. आणि गोड.

वाचनालयातून विश्वकोशाचा जाड खंड आणून वाचला. इजिप्तचे लोक बिअर कशी प्यायचे ते सगळं आहे. कोणत्या राजाने तिच्यावर कर बसवला ते आहे. बाईने भरली तर ती मेल्यासारखी का राहते, हे मात्र कुठे नाही. मी दोनदा वाचलं. मी शाळा लवकर सोडली म्हणून समजत नाही की पुस्तकातच नाही, तेही कळेना.

मग मनात नको ते येतं. माझ्याच हाताने बिघडली का? मी साखर कमी घातली? की त्याच्या मागे त्याची कुठलीच गोष्ट चालायची नाही, असं काही असतं? हे असलं मी एरवी लिहिलं नसतं. एडना म्हणाली, "बरं झालं. देवानेच तिच्यातला दम काढून घेतला." मी तिला जेवायला थांब म्हटलं नाही.

तू काय ते सांग. खरं सांग. वाया गेली असेल तर तसंच लिही.

थेल्मा


माउंट आयझा
८ ऑगस्ट १९६२

प्रिय थेल्मा,

वाया बिया काही गेलेली नाही. रडायचं काम नाही. यीस्ट थंडीने झोपलंय, बस. तुमच्या त्या गावात माणसं झोपतात, यीस्ट का नाही झोपणार? त्याला ऊब दे.

सगळ्या बाटल्या स्वयंपाकघरात आण. चुलीशेजारी, भिंतीला टेकून. वर लोकरीचं काहीतरी जाड घाल, घोंगडी नाहीतर जुना कोट. चूल दिवसभर पेटती ठेव. आठवडाभरात बघ कशी जागी होते.

आणि विश्वकोश परत कर. बिअरबद्दल ज्याला लिहिता येतं, तो ती करत बसत नाही.

मर्व


रोझबेरी
१९ ऑगस्ट १९६२

प्रिय मर्व,

झाली जागी!

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सगळ्या आत आणल्या. घोंगड्या सगळ्या माझ्या अंगावर लागतात, म्हणून त्याचा खाणीवर जायचा लोकरी कोट घातला. तो दारामागच्या खिळ्याला मे महिन्यापासून तसाच होता. धुतला नव्हता. धुवायचाही नव्हता. तंबाखूचा, ओल्या लाकडाचा, त्याच्या मानेचा वास आहे त्याला. बाटल्यांवर घातला तेव्हा वाटलं, कुणीतरी चुलीजवळ ओणवं बसून हात शेकतंय. मला सोबत झाली. चूल मी विझू देत नाही. चार दिवसांनी एक उघडली तर "फस्स!" माझ्या तोंडून निघून गेलं, "ऐकलंस?"

काल आणखी एक उघडली, ती तर छतापर्यंत उडाली. अजून तिथे पिवळा डाग आहे. एवढा फेस म्हणजे चांगलंच ना? अजून गोड आहे थोडी, पण आधीपेक्षा कमी.

एक बाटली शुक्रवारी फुटली. मी दुकानात गेले होते, येऊन बघते तर कोटाची एक बाही भिजलेली आणि आत काचा. धुताना चिरलेली असणार. एडना म्हणाली, बूच तिने लावलेलं नव्हतं, ते आधीच्या वाकड्यांतलं असेल. मी म्हटलं, बूच जागेवर आहे बाई, बाटली गेलीय.

आता वीस ऑक्टोबरची चिंता नाही. तू कधी निघतोस? बोटीने येशील की विमानाने?

थेल्मा


तार
माउंट आयझा, २८ ऑगस्ट १९६२

चुलीपासून लांब राहा. पत्र येतंय. मर्व.


रोझबेरी
२९ ऑगस्ट १९६२

मर्व,

हा काय प्रकार आहे?

मिसेस बिडल स्वतः तार घेऊन आली. पोऱ्याकडे दिली नाही, स्वतः. "काही वाईट तर नाही ना, थेल्मा?" आणि डोळे माझ्या खांद्यावरून चुलीकडे. मी म्हटलं, "तुलाच माहीत, तूच उतरवून घेतलीस." पण ती गेल्यावर मी त्या कागदाकडे बघत बसले. चुलीपासून लांब राहा. का? मी भाजेन असं वाटलं तुला? मी आता एकटी असते, बेसावध होऊन झगा पेटवून घेईन, असं कुणी कळवलं का? की या चुलीबद्दल पर्सी तुला काही बोलला होता? धुरांड्याला चीर आहे का? ती त्यानेच बसवली होती.

एडनाला वाचायला दिली. तिने चष्मा पुसून तीनदा वाचली. "मर्वला ऊन लागलंय," ती म्हणाली. मग तार माझ्या हातात परत देत, "पण मेल्याने तारेला पैसे घातलेत. ऐकलेलं बरं."

म्हणून मी चूल विझवली. अगदी राखही गार होऊ दिली. पाव आणि गार मटण खाते. चहासाठी एडनाकडे जाते आणि तिथे मला धर्मग्रंथातला एक एक उतारा ऐकावा लागतो. स्वयंपाकघर इतकं गारठलंय की कोटाखालच्या बाटल्यांवर हात ठेवला तर बोटं आखडतात. मला वाईट वाटतंय, आत्ता कुठे त्या जाग्या झाल्या होत्या.

लवकर लिही. मला काही म्हणजे काही कळत नाहीय.

थेल्मा


माउंट आयझा
२८ ऑगस्ट १९६२

थेल्मा,

तारेत बाटल्यांचं नाव घालता आलं नाही, म्हणून आधी हे वाच. बाटल्या फुटणार आहेत. ती एक चिरलेली नव्हती. त्यांच्याजवळ जाऊ नकोस. चूल विझव, खोली गार होऊ दे, गार झाल्यावरच हात लाव.

तू लिहिलंस छतापर्यंत उडाली, आणि मी वाचून हसलो. रात्रपाळी करून आलो, आंघोळ केली आणि मग डोक्यात खटकलं. तुझी सगळी पत्रं काढून खाटेवर पसरली. गोड. तू पहिल्यांदाच लिहिलं होतंस, बाटल्या भरताना गोड होती. मी ते वाचलं आणि सोडून दिलं. आणि त्याच पत्रात खाली, हंडा मी पेटवतच नाही.

थेल्मा, पिंप गप्प झालं ते काम संपलं म्हणून नाही. थंडीने झालं. अर्धी साखर तशीच आत होती. त्यावर मी तुला आणखी चमचा घालायला लावला, बूच ठोकायला लावलं आणि वर चुलीशेजारी नेऊन ठेवायला लावलं. इथे बसून. जिथे यीस्टला झोप म्हणजे काय ते ठाऊक नाही.

आणखी एक. बाटल्या भरण्यातलं मला कळतं असं पर्सी म्हणायचा, कारण मी बाटल्या धुवायचो आणि दांडा दाबायचो. भरायची कधी ते तो ठरवायचा. आणि तो तरी कशावरून ठरवायचा? कान लावून. त्याचं कधी चुकलं नाही. का चुकलं नाही ते मला आज कळलं. त्या हंड्याखाली सतत जाळ असायचा. सोमवारी मोठं धुणं, मधल्या दिवसांत त्याचे खाणीतले चिखलाचे कपडे. पिंप शेजारी. त्या खोलीत भर जुलैच्या थंडीत मी घाम पुसलेला आहे. तो म्हणायचा बिअर माझी, मी म्हणायचो दांडा माझा. जाळ कुणाचा, ते आम्ही दोघांनीही कधी म्हटलं नाही.

आता करायचं ते असं. बाटल्या पूर्ण गार झाल्या की एक एक बाहेर ने, कोटात गुंडाळून, तोंड लांब धरून. बूच पूर्ण काढू नकोस. कड थोडी उचल, वायू सुटू दे, फेस येईल तो जाऊ दे, मग नवं बूच बसव. आठवड्याने परत तसंच. त्यानंतरही जोर असेल तर अजून एकदा. हेल्मेट घाल. चेष्टा नाही.

आणि तुला काही लागलं असेल तर मला कळव. मला झोप नाही.

मर्व


रोझबेरी
१२ सप्टेंबर १९६२

प्रिय मर्व,

झोप घे. मला काही लागलेलं नाही.

तुझं पत्र यायच्या आधी चूल विझवून मी आठवडा काढला होता. तुला म्हणायचं होतं बाटल्या, मला वाटलं माझा जीव. जे झालं त्याने दोन्ही वाचलं. पण दोन बाटल्या गेल्या. तारेच्या आदल्याच दिवशी, मी खोलीतच होते, बटाटे सोलत. आवाज असा झाला की मला खाणीतला सुरुंग वाटला. याही धुताना चिरल्या असतील अशी मी मनाची समजूत घातली, आणि तुला मुद्दाम लिहिलं नाही. तू तेव्हा चुलीपासून लांब राहा म्हणालास, आणि मी आधीच घाबरलेली आहे हे तुला कळू द्यायचं नव्हतं. एकही काच माझ्यापर्यंत आली नाही. सगळ्या कोटात रुतलेल्या होत्या. अस्तरातून एक एक काढली.

बाकीच्यांचं काम एडनाने आणि मी केलं. मागच्या अंगणात, पाऊस नव्हता तेव्हा. तिने पर्सीचं हेल्मेट घातलं, मी न्हाणीतलं पत्र्याचं घमेलं डोक्यावर धरलं. मी कड उचलायची, "फस्स" व्हायचं, फेस तिच्या बुटांवर, आणि ती नवं बूच दाबायची. "बाई गं, केवढा राग आहे हिच्यात!" ती म्हणाली. मी म्हटलं, "राग कसला. सगळ्यांनी मिळून तोंड बंद केलं होतं तिचं." एडना हेल्मेटखालून म्हणाली, "त्या दिवशी मी बादली घेऊन आले होते." "माहीत आहे." "पर्सी माझा धाकटा होता, थेल्मा. मला काहीतरी फेकून द्यायचं होतं." मग पुढची बाटली घे म्हणाली.

तुझं हंड्याबद्दलचं मी पुष्कळदा वाचलं. मला अजून नीट समजत नाही काय वाटायला हवं. इतकी वर्षं तो म्हणायचा माझी बिअर, आणि मी म्हणायचे तुझे मेले कपडे. त्याच्या चड्ड्या आणि ती बिअर एकाच जाळावर. तो असता तर हे सांगून त्याला महिनाभर छळलं असतं. आता सांगायला कुणी नाही, म्हणून तुलाच लिहिते.

तो गेल्यावर मी हंडा पेटवला नाही, इतकंच केलं होतं. काही करायचं सोडलं, आणि त्याचं एवढं झालं.

बाटल्या अर्ध्याहून जास्त उरल्यात. साठीला पुरतील. तारीख कळव, गाडीवर घ्यायला एडना येणार म्हणते.

थेल्मा


माउंट आयझा
१ ऑक्टोबर १९६२

प्रिय थेल्मा,

बाटल्या वाचल्या हे वाचून हायसं वाटलं. माझं येणं मात्र जमत नाहीसं दिसतं. पाळ्या बदलल्यात, माणसं कमी आहेत, आमचा मुकादम सुट्टीचं नाव काढू देत नाही. बोटीचंही धड कळत नाही. तुम्ही माझ्या नावाने एक प्या. एडनाला माझा नमस्कार, आणि तिला सांग दांडा आता तिचाच.

मर्व


रोझबेरी
२२ ऑक्टोबर १९६२

प्रिय मर्व,

तुझा मुकादम मला पटला नाही. पण मी भांडत नाही. मलाही त्याचं ताट उचलून ठेवायला ऑगस्ट उजाडला. तुला ती रिकामी खुर्ची बघायची नसेल तर नको बघूस. एवढंच की खोटं लिहिण्याइतकं आपलं परकं नातं नाही.

परवा त्याची साठी झाली. मटण भाजलं, खाणीतली चार माणसं आली, एडना आली. पहिली बाटली मी उघडली. जोरात नाही, छतापर्यंत नाही, नीट "फस्स" झालं. सगळ्यांनी ऐकलं. पेल्यावर दोन बोटं फेस उभा राहिला आणि बराच वेळ बसला नाही. माणसं म्हणाली, पर्सीच्या नेहमीच्या बिअरपेक्षा जरा गोड आहे. मी म्हटलं, हो, ही थंडीत झोपली होती. त्यांना समजलं नाही, आणि मी समजावत बसले नाही. एडनाने घोटभर चाखली. बूच नीट बसलंय का ते बघायला, असं तिचं म्हणणं.

मीही एक पेला घेतला. मला आवडली नाही. पण संपवला.

तुझी एक बाटली ठेवली आहे, धुण्याच्या खोलीत नाही, घराखाली गारव्यात. ती फुटणार नाही. तू ये किंवा येऊ नकोस, ती तिथे असेल.

आता कोटाचं. त्याला इतकी बिअर लागली होती की वास त्याचा राहिलाच नव्हता, नुसता आंबूस. अस्तर फाटलेलं, बाही कडक झालेली. तो धुतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि एवढा लोकरी कोट तसराळ्यात मावत नाही. म्हणून मागच्या सोमवारी लाकडं फोडली आणि हंडा पेटवला. पाणी तापल्यावर भिंतींना घाम सुटला, खिडकीच्या काचा धुरकटल्या, आणि हंड्याशेजारची ती जागा उबदार झाली जिथे पिंप असायचं. मी बाही चोळत होते आणि खोली पर्सीची वाटत होती. त्याच्या वासाची नाही. त्याची.

कोट दोरीवर वाळला. मग मी रिकामं पिंप धुऊन परत हंड्याशेजारी ढकललं. माल्टचा डबा किराणावाल्याकडे मागितला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, पण दिला. काल उकळून पिंपात ओतलं, यीस्ट टाकलं, फडकं बांधलं. आज सकाळी कान लावला. तोंडातल्या तोंडात बोलायला लागलंय.

यावेळी तुला काही विचारत नाही. कधी भरायची ते मी ठरवीन, आधी चाखून, गोड लागली नाही की.

पत्र इथेच पुरे. आज सोमवार, आणि हंड्याखालचा जाळ खाली गेलाय, लाकूड घालायला हवं.

तुझी,
थेल्मा